घोडीचं घरचं नाव

"बाबा, तुम्ही बोला तिच्याशी. माझं ती ऐकत नाही," निवेदिता म्हणाली. निवेदिता माझी सून. तिने हे काम माझ्यावर सोपवलं यावरूनच तिचे बाकीचे उपाय संपले होते हे कळत होतं. माझ्या बोलण्याने घरात कुणाचा विचार बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

बोलायचं होतं ते माझ्या नातीशी, पूर्वाशी. तिच्या मार्कांवर महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळण्यासारखी होती. काउन्सेलिंगच्या साइटवर पसंतीची कॉलेजं भरून झाली होती, ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लॉक करायची होती. नाही केली तर यंदाची संधी गेली. पूर्वाला जायचं होतं. निवेदिताला तिला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि कारण ती एकच सांगत होती: "समीर म्हणाला होता, पोरीला या लाइनीत घालू नका."

समीर माझा मुलगा. सरकारी पशुवैद्य होता. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बूट घालता घालता खुर्चीतच गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आता त्याचा शब्द मोडायचा तर परवानगी कुणाकडे मागायची, हे मलाही कळत नव्हतं. त्यात पितृपक्ष चालू होता. सकाळपासून समोरच्या गच्चीवर कावळे येऊन बसत होते.

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. कुणी काही विचारलं की त्या विषयाची पुस्तकं काढून समोर ठेवायची, एवढंच मला येतं. तेच केलं. प्राण्यांशी संबंधित कोणकोणते अभ्यासक्रम आपल्याकडे आहेत ते दोन दिवस शोधलं होतं. चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो.

"होळकर कॉलेजला झूलॉजी घेता येईल," मी म्हणालो. "पुढे एमएससी. मग वन्यजीव आहेत, पक्षी आहेत. लोक वाघांवरसुद्धा काम करतात."

"वाघांना माझं काय काम आहे, आबा."

"मग डेअरी टेक्नॉलॉजी?"

"म्हणजे दुधाची फॅक्टरी. टोपी घालून मशीनसमोर उभं राहायचं."

"मत्स्यविज्ञानाचाही कोर्स आहे. जबलपूरला."

तिने वर पाहिलं. "मासे ओरडत नाहीत म्हणून?"

मी चहाच्या कपाकडे बघत राहिलो. तिने बरोबर ओळखलं होतं.

"मम्मीने पाठवलं ना तुम्हाला? सच्ची सांगा."

"हो."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना मग. मम्मीचं मला माहीत आहे."

मला काय वाटतं, हे मी सांगू शकलो नाही. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पूर्वाच शेवटी म्हणाली, "आबा, ती काल पण आली होती."

"ऐकलं मी," मी म्हणालो.

*

आम्ही छत्रीबागेत राहतो. जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर मागच्या बाजूचा फ्लॅट आमचा. माझ्या खोलीची खिडकी पार्किंगच्या पुढच्या अर्ध्या भागाकडे उघडते, स्वयंपाकघराचं दार मागच्या अर्ध्या भागाकडे. पार्किंगच्या फाटकाबाहेर गल्ली आहे आणि गल्ली उतरत नदीकडे जाते.

दुपारी, जेवणं होऊन इमारत सामसूम झाली की ती येते. आधी वास येतो, ओल्या गवताचा आणि जनावराच्या घामाचा. मग फरशीवर खूर टेकल्याचा आवाज. मग घुंगरं. नाचणारी नव्हेत, एखादं जनावर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतं तेव्हा वाजतात तेवढीच. शेवटी नाकातून सोडलेला एक लांब श्वास. त्यानंतर ती उभी राहते. उभं राहण्याला आवाज नसतो, पण खिडकीबाहेर कुणीतरी उभं आहे हे पाठ फिरवूनही कळतं.

पहिल्यांदा मी उठून बाहेर पाहिलं होतं. स्कूटरी होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्यांची कापडाने झाकलेली कार होती, फाटक बंद होतं. मागच्या खांबापाशी पाण्याने भरलेली बादली होती; ती वॉचमन गाड्या धुवायला ठेवत असेल. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तपासून सांगितलं की मला कमी ऐकू येतं. नसलेलं ऐकू येतं का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

मग एका दुपारी पूर्वा माझ्या खोलीत फिजिक्सची गणितं सोडवत बसली होती. तिचं पेन मध्येच थांबलं. मी पुस्तकातून मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आबा, तुम्हालापण?" मी मान हलवली. निवेदिताशी आम्ही याबद्दल बोललो नाही. ती त्या वेळी स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन आत असायची. तिथे ती चटईवर पडते, असा आमचा समज होता.

ती कोण, हे मात्र आम्हाला ठाऊक होतं. समीरने शेवटी सोडलेली घोडी.

'सोडणं' हा आमच्या घरातला शब्द आहे. आमचं आडनाव पागनीस. पूर्वज होळकरांच्या घोड्यांच्या पागेवर होते. पागा गेली, घोडे गेले. घोड्याच्या पाठीवर बसलेलं आमच्यातलं शेवटचं माणूस कोण, तेही कुणाला सांगता येणार नाही. मी स्वतः घोड्यांविषयी वाचलं आहे पुष्कळ, पण जवळ जायला मला भीती वाटते. पण एक रीत टिकून राहिली. घोडा म्हातारा झाला, पाय मोडला, त्याला मारण्यावाचून इलाज उरला नाही, तर घरातल्या माणसाने त्याचा कान हातात धरून त्याला त्याच्या नावाने हाक मारायची. नाव ऐकून घोड्याचा कान वळला की मग सोडायचा. म्हणजे त्याला कळतं की आपल्याला आपल्याच माणसांनी निरोप दिला. तसा नाही सोडला तर घोडा जात नाही, असं आमच्यात मानतात.

माझ्या हयातीत ही रीत पाळायची वेळ कुणावर आली नव्हती. समीर पशुवैद्य झाला आणि त्याच्यावर आली. शहरात घोड्यांमध्ये ग्लँडर्सची साथ आली होती. हा रोग माणसालाही होऊ शकतो, आणि घोड्याला झाल्याचं रक्ततपासणीत नक्की ठरलं की कायद्याने त्याला मारावंच लागतं. इंजेक्शन द्यायचं काम समीरकडे होतं. त्याच्याबरोबरच्या डॉक्टरांनी दिलं असतं आणि हात धुतले असते. समीर आधी मालकाला जनावराचं नाव विचारायचा. एक टांग्याचा घोडा होता, वीटभट्टीवरची दोन खेचरं होती. प्रत्येकाचा कान वळला. घरी आल्यावर तो मला नावं सांगायचा, आणि मग शांतपणे जेवायचा.

शेवटची होती ती लग्नाची घोडी. वरातीत नवरदेव बसतो ती, पांढरी. त्या दिवशी तो जेवला नाही. माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, बिजली तिचं नाव. पुन्हा पुन्हा हाक मारली. कान नाही वळला."

"औषधाचा अंमल असेल," मी म्हणालो.

"औषध त्यानंतर दिलं."

त्याला फार थांबता येत नव्हतं, माणसं खोळंबली होती, खड्डा खणून तयार होता. त्याने इंजेक्शन दिलं. त्यानंतरच कधीतरी तो निवेदिताला ते पोरीबद्दलचं वाक्य बोलला असणार.

*

"मला ना आबा, घाबरून जायचं पण नाहीये आणि घाबरून थांबायचं पण नाहीये," पूर्वा म्हणाली. चहा तसाच होता. "ती का येते ते आधी कळलं पाहिजे. पप्पांसाठी येते, की मला अडवायला येते? अडवायला येत असेल तर नाही करत मी लॉक. होळकरला जाते, झूलॉजी घेते, बस. बात खत्म."

"हे कोण सांगणार?"

"घोडीवाला. बड़ा गणपतीच्या मागे राहतो ना? पप्पांनी नाव घेतलं होतं एकदा. मनीष."

मी म्हणालो की अशा माणसाकडे आपण काय म्हणून जायचं, त्याची घोडी आपल्या समीरच्या हातून गेली, तो आपल्याला दारात तरी उभं करेल का. हे सगळं बोलत असतानाच मी पायात चपला घालत होतो. तिला एकटीला पाठवण्याचा धीर मला नव्हता.

तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. बड़ा गणपतीची गर्दी मागे टाकून ती एका गल्लीत वळली. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. बाहेर वरातीच्या दिव्यांचे गाडे ओळीने लावून ठेवलेले, आत दोन घोड्या बांधलेल्या. कडुनिंबाखाली पंचेचाळिशीचा एक माणूस मांडीवर मखमली झूल घेऊन तिच्यावर आरसे टाचत बसला होता.

"श्राद्ध चल रहे हैं, अभी कुछ नहीं," तो मान वर न करता म्हणाला. "देवउठनी के बाद की तारीख बोलो, अंकलजी. लड़का क्या करता है?"

आम्ही वरातीची घोडी ठरवायला आलोय असं त्याला वाटलं. पूर्वा हसली आणि मग म्हणाली, "भिया, बुकिंग नहीं है. मैं डॉक्टर पागनीस की बेटी हूँ."

त्याने सुई झुलीत खोचली. उठला, आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यासाठी पुसली. पूर्वा शेडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती. अलीकडच्या घोडीने मान लांब करून तिचा खांदा हुंगला. ती हलली नाही, हात उचलला नाही, हुंगू दिलं. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"डाक्टर साब का सुना था," मनीष म्हणाला. "आना चाहिए था मुझे. नहीं आया."

"बिजली के बारे में पूछना था," पूर्वा म्हणाली.

"पूछो."

"उसका नाम बिजली ही था?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू हा प्रश्न मी तिच्या तोंडी घातला होता. "किसने बोला आपको?"

"किसी ने नहीं. पप्पा बोले थे, उसका कान नहीं घूमा."

तो परत झाडाखाली बसला. झूल ओढून घेतली पण सुई हातात घेतली नाही. मग बोलायला लागला. थांबत थांबत, काही माझ्याकडे बघून, बरंचसं जमिनीकडे बघून.

बिजली हे तिचं धंद्याचं नाव होतं. पाटीवर तेच, बुकिंगला तेच. घरात तिला तसं कुणी म्हणत नसे. तिची आई बाळंतपणात मेली म्हणून मनीषच्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. अंगणात मोकळी फिरायची, भाकरीच्या वासाने चुलीपर्यंत यायची. घरात तिचं नाव छोरी. मुलगी, एवढंच.

"डाक्टर साब ने नाम पूछा. मैंने बिजली बोल दिया."

"का?" पूर्वाने मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"छोरी बोलते तो वो मुंडी घुमाती. मेरे को ढूँढती. मैं उधर ही था, ट्राली के पीछे." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "मेरे से देखा नहीं जाता."

शेडमधल्या घोडीने पाय आपटला. तो तिकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि ती शांत झाली.

"और सुनो," तो म्हणाला. "बारात में पटाखे फूटते हैं, बैंड बजता है, लोग नोट उड़ाते हैं. घोड़ी बिदकनी नहीं चाहिए. तो उसको सिखाया था. बिजली बोलो तो खड़ी रहना. कुछ भी हो जाए, हिलना नहीं. बारात निपट जाए तो मैं आके बोलता, चल छोरी. तब घर चलती थी. उसके पहले नहीं."

पूर्वाने शेडमधल्या घोडीकडे पाहिलं.

"डाक्टर साब बोलते रहे बिजली, बिजली. वो सीधी खड़ी रही." त्याने एक आरसा उचलला, बोटांत फिरवला. "उसको लगा होगा, काम पे आई है."

निघताना तो आमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आला. पूर्वाने स्कूटर वळवली तेव्हा म्हणाला, "आए थे वो बाद में. इधर मोड़ पे खड़े रहते थे. एक बार नहीं, कई बार. मेरे को मालूम था क्या पूछना है. मैं अंदर चला जाता था."

"पप्पांनी विचारलं नाही?" तिने मला वाटेत विचारलं, रस्त्याकडे बघत.

"नसेल विचारलं," मी म्हणालो. तो माझाच मुलगा होता. वळणावर उभं राहून परत येणं मला समजू शकत होतं.

*

घरी आलो तेव्हा निवेदिता भांडी आवरत होती. पूर्वाने तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, कुठल्या घोडीच्या गोष्टी करता म्हणेल. तिने एकेक वाटी पुसून फडताळात ठेवली आणि म्हणाली, "हाक मारू नकोस तिला."

"मम्मी, तुला पण ऐकू येतं?"

"पाण्याची बादली कोण ठेवतं मग?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. इतके महिने मी ती बादली वॉचमनची समजत होतो.

"ठेवते तर ठेवते," पूर्वा म्हणाली. "पण तिला जायला सांगायला नको? ती उभी आहे गं बिचारी. तिला वाटतंय वरात चालूये."

"तू मध्ये पडू नकोस, पूर्वा."

"पण का?"

निवेदिताने फडका ओट्यावर टाकला. "तुम्हाला तिकडून घोडी ऐकू येते. मला इकडून तोही ऐकू येतो. तिच्या मागून येतो. चपला ओढत चालायचा ना? तसाच. दाराबाहेर उभा राहतो तिला धरून. ती गेली तर तो कशाला येईल?"

समीर येत होता. माझ्या खिडकीपासून इमारतीची जेमतेम लांबी, आणि मला पत्ता नव्हता. माझ्या बाजूला तो कधीच आला नव्हता. का आला नसेल, याचा विचार मी त्या क्षणी बाजूला सारला. पुढे पुष्कळ केला आहे.

"आणि तू म्हणतेस महू," निवेदिता म्हणाली. तिचा आवाज अजूनही वाटी पुसतानाचाच होता. "एकाला त्या कामाने नेलं. आता तू रोज कुणाकुणाला निरोप देत बसणार. आणि रात्रंदिवस ते सगळे तुझ्या मागे मागे. इथे आणून उभे करणार त्यांना. मी किती बादल्या ठेवू?"

पूर्वा भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. लहान असताना रुसली की अशीच बसायची. मी काहीतरी बोलायला हवं होतं. निवेदिताने सकाळी मला त्याच कामावर लावलं होतं. पण मी दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होतो.

तेवढ्यात वास आला.

स्वयंपाकघरात तो फार जवळचा वाटत होता. दार ओढलेलं होतं. पलीकडे खूर वाजले, घुंगरं एकदा हलली आणि थांबली. आणि मग मी ते ऐकलं. चपला. डावी टेकायची, उजवी घासत यायची. समीरच्या पायांच्या शिरा फुगायच्या, गोठ्यांत दिवसभर उभं राहून. त्या पावलांचा आवाज मी लाखांत ओळखला असता. दाराशी येऊन पावलं थांबली.

निवेदिताने डोळे मिटले होते. तिचा चेहरा, कसं सांगू, घरचं माणूस कामावरून परत आल्यावर होतो तसा झाला होता. मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

पूर्वा खालूनच हळू म्हणाली, "मम्मी, पप्पांचे पाय दुखायचे."

निवेदिताचे डोळे मिटलेलेच होते.

"तिला धरून उभे आहेत ते. सोडताच येत नाहीये त्यांना. तेव्हापासून उभेच आहेत गं."

दाराबाहेर नाकातून श्वास सोडल्याचा आवाज आला. निवेदिताने डोळे उघडले, पदराने ओठ टिपले आणि स्वतः पुढे होऊन कडी काढली.

बाहेर दुपारचं ऊन होतं. खांब, भिंत, बादली. बादलीतलं पाणी हलत होतं, वरून कुणी तोंड लावल्यासारखं. आणखी काही नव्हतं.

पूर्वा उंबऱ्यात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. घरातल्या मोठ्या माणसाने हाक मारायची, असं तिला वाटलं असावं. मी नुसती मान हलवून तिलाच खुणावलं. मग तिने हात पुढे केला, हवेत, खांद्याच्या उंचीवर. तिथे कान असेल हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही.

"चल, छोरी," ती म्हणाली.

पाणी हलायचं थांबलं. एक घुंगरू वाजलं, अगदी लहान, मान वळवल्यावर गळ्यात वाजावं तसं. मग खूर वळले. ते पार्किंगमधून, स्कूटरींच्या मधून, बंद फाटकातून गेले, गल्लीत उतरले, आणि पाऊल मोकळं झालेलं ऐकू येत होतं. घरी निघालेलं जनावर चालतं तसं. नदीच्या वळणावर आवाज संपला.

चपला तिच्या मागे निघाल्या. दोन पावलं. उजवी घासली आणि थांबली. पुढे गेल्या नाहीत, माघारीही आल्या नाहीत. आम्ही तिघं दारात उभे होतो. वर कुणीतरी खिडकी लावली, रस्त्यावर एक रिक्षा गेली, कावळा ओरडला. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. मग निवेदिता बाहेर गेली, बादली उचलली आणि पाणी तुळशीला घातलं.

*

संध्याकाळी निवेदिता ओट्याशी बसून मेथी निवडत होती. पूर्वा फोन घेऊन तिच्यासमोर बसली. मी बाहेरच्या खोलीत होतो, पण तिथून सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

"मम्मी. लॉक करू?"

"तो नको म्हणाला होता."

"हो."

"मला म्हणाला होता," निवेदिता म्हणाली. "तुला म्हणाला होता का कधी?"

"नाही."

मेथीच्या काड्या एका बाजूला पडत होत्या. मला वाटलं आता बोलणं संपलं, आणि वेळही संपणार. मी उठून आत जायचं ठरवलं. काय बोलायचं याची जुळवाजुळव केली. पशुवैद्यकाच्या बाजूने चार चांगल्या गोष्टी माझ्या वाचनात होत्या. दारापर्यंत पोचलो तेव्हा निवेदिता म्हणाली, "तुला रोज भेटतील असे. कायद्याने मारावे लागणारे. रडणारे मालक. खोटं नाव सांगणारे."

"मी परत विचारीन," पूर्वा म्हणाली. "खरं सांगेपर्यंत विचारीन. मी जाते ना वळणावरून आत."

निवेदिताने तिच्याकडे पाहिलं. मग पुढची जुडी सोडली.

"अपडाऊन करणार की होस्टेल?"

"होस्टेल. पहिल्या वर्षाला कम्पल्सरी आहे बहुतेक."

"मग शनिवारी यायचं. दर शनिवारी. कारणं नकोत."

पूर्वाने फोनवर बोट टेकवलं. मी परत खुर्चीत येऊन बसलो. माझ्या चार गोष्टी मनातच राहिल्या.

घोडी त्यानंतर आली नाही. वास नाही, घुंगरं नाहीत. निवेदिता बादली ठेवत नाही, पण दुपारी स्वयंपाकघराचं दार आता उघडं असतं. मी माझी आरामखुर्ची तिकडे हलवली आहे. माझ्या खोलीत उजेड कमी येतो असं सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही.

तो येतो. रोज नाही. एकटाच असतो, आणि दाराशी थांबण्याऐवजी पार्किंगमध्ये थोडा फिरतो, हात मोकळे झालेल्या माणसाने फिरावं तसा. पुष्कळदा मला शंका येते की हा वॉचमन असेल, किंवा वरच्या मजल्यावरचं कुणी, आणि मी म्हातारा त्यात माझा मुलगा ऐकतो आहे. घोडी तिच्या घरी गेली. याचं घर हेच. याने कुठे जायचं, हे मला ठरवता येत नाही, आणि जा म्हणून सांगण्याचं बळ आमच्यापैकी कुणात आहे असं वाटत नाही.

गेल्या शनिवारी पूर्वा आली होती. जेवून माझ्या शेजारी फरशीवर बसून शरीररचनेचं जाडजूड पुस्तक वाचत होती. घोड्याच्या पायाची हाडं होती त्या पानावर. दुपारी चपला वाजल्या. तिने पुस्तकात बोट ठेवलं आणि मान जराशी तिरकी करून ऐकलं. आवाज खांबापर्यंत जाऊन परत आला.

"उजव्यावर भार देत नाहीयेत अजून," ती म्हणाली. "पण मागच्या शनिवारपेक्षा कमी लंगडतायत."

मग तिने पान उलटलं.